छायाचित्र पुरे होण्याची जागा : आसनगाव–मुरबाड पट्ट्यातील एका व्यवसायाचा इतिहास

कॅमेरा तारेने संगणकाला जोडून, टिपलेले प्रत्येक चित्र त्याच क्षणी मोठ्या पडद्यावर पाहत आणि थेट संगणकाच्या डिस्कवर साठवत काम करण्याच्या पद्धतीला छायाचित्रकार ‘टेदरिंग’ म्हणतात. महानगरांतील जाहिरातींच्या स्टुडिओंत ही पद्धत कधीच रुळली आहे. परंतु ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, म्हणजे शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत, लग्नसराई, शाळांची ओळखपत्रे आणि पासपोर्ट आकाराचे फोटो यांवर चालणाऱ्या छोट्या स्टुडिओला ती स्वीकारायची झाली, तर पहिला प्रश्न खर्चाचा येतो. कॅमेरा बहुधा आधीपासून असतो, तार काही शे-हजारांत मिळते, आज्ञावली फुकटही मिळू शकते. खरा पैसा लागतो तो लॅपटॉपला, आणि बेताच्या रकमेत कोणता लॅपटॉप घ्यावा यावर पुढच्या चार-पाच वर्षांच्या कामाचा दर्जा ठरतो.

हा प्रश्न वरवर दिसतो तितका नवा नाही. छायाचित्रण आरंभापासून दोन कामांत विभागलेले आहे : एक चित्र टिपण्याचे आणि दुसरे ते पुरे करण्याचे, म्हणजे काचेवर, फिल्मवर किंवा आकड्यांच्या रूपात आलेला ठसा माणसाला पाहता येईल अशा चित्रात आणण्याचे. टिपण्याचे साधन प्रत्येक पिढीत थोडे स्वस्त आणि हलके होत गेले. पुरे करण्याची जागा मात्र कधी छायाचित्रकाराच्या हाती राहिली, कधी त्याच्यापासून बरीच दूर गेली. ती जागा कोणाच्या मालकीची आणि किती अंतरावर, यावर छोट्या गावातील या व्यवसायाचे अर्थकारण ठरत आले. आसनगावसारखे मुंबईच्या लोहमार्गावरचे, तरी मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटर दूर असलेले स्थानक या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे, कारण येथे ते अंतर रेल्वेच्या वेळापत्रकात मोजले जात होते.

लोहमार्ग आणि ओल्या काचा

पश्चिम भारतातील छायाचित्रण आणि रेल्वे यांची वाढ जवळजवळ एकाच दशकात झाली. मुंबई–ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली आणि १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईत छायाचित्रणाला वाहिलेली पहिली संस्था, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे, स्थापन झाली. तिच्या सभासदांत युरोपीय अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीयही होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यावसायिक स्टुडिओ चालवला. याच काळात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग ईशान्येकडे सरकत होता : कल्याण ते वासिंद हा टप्पा १ ऑक्टोबर १८५५ रोजी खुला झाला, वासिंद ते आसनगाव हा टप्पा ६ फेब्रुवारी १८६० रोजी आणि आसनगाव ते कसारा १ जानेवारी १८६१ रोजी, त्यानंतर थळघाटाचे अवघड काम पुरे होऊन १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीला पोचली.

घाटातील पूल आणि बोगदे हे त्या काळच्या कॅमेऱ्याचे आवडते विषय होते. तेव्हा प्रचारात असलेली पद्धत ‘ओल्या कोलोडियनची’ होती, जी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून, ती चांदीच्या क्षारात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि चित्र घेतल्यावर ती सुकण्याच्या आत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, रसायनांनी धुवावी लागे. त्यामुळे छायाचित्रकाराला कॅमेऱ्यासोबत काळोखा तंबू, काचा, बाटल्या आणि स्वच्छ पाणी असे सगळे बिऱ्हाड कामाच्या जागी न्यावे लागे, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत ओल्या काचेला मिळणारा अवधी आणखी आखडे. पद्धत खर्चिक व त्रासाची असली तरी तिचा एक गुण पुढच्या प्रचलित पद्धतींत बराच काळ हरवला : चित्र साधले की फसले हे तंबूतून बाहेर येण्यापूर्वीच कळे, आणि फसले असल्यास त्याच जागी, त्याच उजेडात ते पुन्हा घेता येई. आजच्या टेदरिंगचे मुख्य प्रयोजन नेमके हेच आहे.

जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा १८७० च्या दशकात आल्या, त्यांच्या मागून फिल्मची गुंडाळी आली, आणि टिपणे व पुरे करणे यांतले काळाचे बंधन सुटले. चित्र आज टिपून आठवड्याने धुता येऊ लागल्यामुळे स्टुडिओ एका ठिकाणी स्थिरावले. लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत काढलेला स्टुडिओ हा या स्थिरावलेल्या व्यवसायाचा नामांकित नमुना होता. संस्थानिक आणि धनिक यांच्यापुरता असलेला हा धंदा तालुक्याच्या गावी पोचायला मात्र आणखी अर्धशतक जावे लागले.

स्वतःची डार्करूम

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत जो फोटो स्टुडिओ दिसू लागला, त्याचे रूप बहुतेक ठिकाणी सारखेच होते. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, दोन-तीन दिवे आणि एक खुर्ची किंवा लाकडी स्टूल असे, तर मागच्या खोलीत डार्करूम, म्हणजे लाल दिव्याची बंद खोली, जिच्यात डेव्हलपरने रोल धुवायचा, हायपो या रसायनाने चित्र पक्के करायचे आणि एन्लार्जर या यंत्रातून निगेटिव्हची प्रतिमा ब्रोमाइड कागदावर मोठी करून उतरवायची. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने चेहऱ्याचे डाग झाकण्याला ‘रिटचिंग’ म्हणत आणि त्या कौशल्यावर स्टुडिओचे नाव ठरे. विजेची सोय नव्हती किंवा भरवशाची नव्हती, तेथे दिवसाउजेडी फोटो घेऊन रसायनाचे काम सवडीने करता येई.

आयातीवर कडक निर्बंध असल्याने साधनांची टंचाई कायमची होती. तमिळनाडूतील उदगमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीने १९६७ पासून उत्पादन सुरू केले आणि तिच्या ‘इंदू’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कृष्णधवल मालाने ती टंचाई काही अंशी भागवली. हौशी ग्राहकांसाठी भारतात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा लोकप्रिय झाला. त्यात एका रोलवर १२ चौकोनी फोटो निघत, पण तो रोल धुण्यासाठी अखेर स्टुडिओतच यावा लागे. अशा रीतीने कॅमेरा इतरांच्या हाती गेला, तरी डार्करूम ज्याच्याकडे होती तो व्यावसायिक टिकून राहिला. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणारी म्हसा यात्रा ही या पट्ट्यातील मोठी यात्रा. महाराष्ट्रातील अशा यात्रांतून रंगीत पडद्यापुढे फोटो काढून देणारे फिरते व्यावसायिक येत, आणि तेही धुण्या-छापण्याची काही ना काही सोय सोबत किंवा जवळपास ठेवीत, कारण यात्रेकरू दुसऱ्या दिवशी भेटण्याची खात्री नसे.

या काळातील स्टुडिओच्या हिशेबात कॅमेरा हा एकदाच केलेला खर्च होता, तर डार्करूमचा खर्च रोजचा होता. रसायन शिळे झाले, कागदावर उजेड पडला किंवा पाण्यात गाळ आला की तोटा तेथेच होई. मात्र हा खर्च स्वतःच्या हाती असल्याने तो काटकसरीने सांभाळता येई, आणि दहावीच्या परीक्षेच्या अर्जासाठी घाईने आलेल्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी फोटो देता येई.

रंगीत रोल आणि कल्याणची वाट

ही स्वायत्तता रंगीत फिल्मने संपवली. रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही पद्धत १९७२ मध्ये आली आणि पुढे जगभर प्रमाण ठरली. तीत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस इतके ठेवावे लागते आणि त्यात पाव अंशाचाही फरक पडला तर रंग बिघडतात. लाल दिव्याच्या खोलीत, बादलीतल्या पाण्यावर हे साधणे शक्य नव्हते. त्यासाठी तापमान आपोआप राखणारी महागडी यंत्रे लागत आणि ती परवडण्याइतके काम मोठ्या शहरांतच मिळे. १९८० च्या दशकात रंगीत फोटोची मागणी लग्नघरांतून वाढली, तेव्हा लहान स्टुडिओला आपले रोल शहरांतील कलर लॅबकडे सोपवण्याखेरीज मार्ग उरला नाही.

आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांच्या परिसरासाठी ही वाट कसारा मार्गाच्या लोकलने कल्याणकडे, ठाण्याकडे आणि मुंबईकडे जाणारी होती. आसनगाव ते कल्याण हे अंतर सुमारे ३२ किलोमीटर. ज्या मुरबाडला रेल्वे नव्हती, तेथून प्रथम रस्त्याने कल्याण गाठावे लागे. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई, टोकावडे अशा आतल्या गावांतील लग्नाचे रोल लॅबपर्यंत पोचून प्रिंट हाती येईपर्यंत दिवस जात, आणि एखादा रोल कॅमेऱ्यात नीट सरकला नसल्याचे किंवा फ्लॅशचा मेळ चुकल्याचे उघड होई तेव्हा नवरी सासरी जाऊन स्थिरावलेली असे. ३६ फोटोंच्या रोलचा भाव, धुण्याचा भाव आणि प्रत्येक प्रिंटचा भाव असा तिहेरी खर्च असल्याने छायाचित्रकार मोजून बटण दाबी. चूक दुरुस्त करण्याचा मार्ग नसल्याने धोका न पत्करता ठरावीक चौकटीतलेच फोटो घेण्याकडे कल वाढला. लग्नाच्या जुन्या अल्बमांतील एकसारखेपणाचा मोठा भाग या अर्थकारणातून आला असे म्हणता येते.

व्हिडिओ शूटिंग याच सुमारास आले आणि त्यानेही तोच क्रम गिरवला. व्हीएचएस कॅमेरा विकत किंवा भाड्याने घेता येई. पण त्यातील चित्रीकरण जोडून, गाणी व नावे घालून कॅसेट तयार करण्याचे काम, ज्याला व्यवसायात ‘मिक्सिंग’ म्हणतात, त्याची यंत्रे थोड्यांकडे असत. अशा प्रकारे विसाव्या शतकाच्या अखेरीस या पट्ट्यातील फोटोवाला आणि शूटिंगवाला हे टिपणारे तेवढे राहिले होते आणि पुरे करण्याच्या कामातला नफा शहरात जात होता.

तारेने जोडलेला कॅमेरा

पुरे करण्याची जागा परत आणू शकणारे तंत्र तोवर परदेशांत तयार होत होते, मात्र त्याची किंमत कोणत्याही छोट्या व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेर होती. कोडॅक कंपनीने १९९१ मध्ये विक्रीस आणलेल्या डीसीएस या डिजिटल यंत्रणेत निकॉन एफ-३ हा फिल्म कॅमेराच वापरला होता, त्याच्या मागे १३ लाख चित्रबिंदूंचा संवेदक बसवला होता आणि चित्रे साठवण्यासाठी २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला स्वतंत्र संच तारेने जोडून खांद्यावर बाळगावा लागे. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती. त्याच सुमारास लीफ या नावाचे ४० लाख चित्रबिंदूंचे डिजिटल बॅक, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे फिल्मऐवजी बसणारे यंत्र, बाजारात आले. त्यात स्वतःची साठवण नसल्याने ते संगणकाला जोडूनच चालवावे लागे, आणि लाल, हिरवा व निळा अशा तीन गाळण्यांतून तीन वेळा चित्र घ्यावे लागत असल्याने केवळ स्थिर वस्तूंचेच काम त्यावर होई. आरंभीच्या डिजिटल स्टुडिओत तारेची जोडणी ही सोय नव्हती, सक्ती होती. कॅमेऱ्यात चित्र राहायला जागाच नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत दोन गोष्टींनी ही तार स्वस्त केली. पहिली म्हणजे यूएसबी ही जोडणी, जिची दुसरी आवृत्ती २००० साली आली आणि जी प्रत्येक साध्या संगणकावर दिसू लागली. तिच्यामुळे त्यापूर्वीच्या स्काझी आणि फायरवायर या खास जोडण्यांसाठी लागणारा जादा खर्च वाचला. दुसरी म्हणजे पीटीपी हा संकेत, अर्थात कॅमेरा व संगणक यांनी परस्परांशी कसे बोलावे याचे सामाईक नियम, जे त्याच वर्षी प्रमाण म्हणून मांडले गेले. २००३ मध्ये कॅनन ईओएस ३००डी हा ६३ लाख चित्रबिंदूंचा कॅमेरा अमेरिकेत एक हजार डॉलरच्या आत मिळू लागला, आणि अशा कॅमेऱ्यांसोबत संगणकावरून बटण दाबण्याची आज्ञावली कॅनन विनामूल्य देऊ लागली. २०१० मध्ये अडोबीच्या लाइटरूम या प्रचलित आज्ञावलीच्या तिसऱ्या आवृत्तीत टेदरिंगची सोय आली, तेव्हा ही पद्धत जाहिरातींच्या स्टुडिओबाहेर पडली.

सरकारी छायाचित्र

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र तारेने जोडलेल्या कॅमेऱ्याची ओळख जाहिरातींमुळे झाली नाही. ती शासनामुळे झाली. निवडणूक आयोगाने ऑगस्ट १९९३ मध्ये मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्याचा आदेश काढला आणि ज्यांनी पूर्वी कधी स्टुडिओची पायरी चढली नव्हती अशा असंख्य स्त्री-पुरुषांचे फोटो निघाले. पुढचा आणि अधिक मोठा टप्पा आधार नोंदणीचा. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि त्यानंतर शहापूर-मुरबाडसह राज्यभर नोंदणीची केंद्रे लागली.

आधार नोंदणीचा संच तांत्रिकदृष्ट्या पाहिला तर तो टेदरिंगचाच एक नमुना होता. त्यात एक लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला कॅमेरा, दहा बोटांचे ठसे व दोन्ही डोळ्यांची बुबुळे टिपणारी यंत्रे, मागे पांढरा पडदा आणि नोंदणी करणाऱ्या नागरिकाच्या दिशेने वळवलेला दुसरा पडदा असे. फोटो कॅमेऱ्याच्या बटणाने न घेता लॅपटॉपवरील आज्ञावलीने घेतला जाई, तो ठरावीक कसोट्यांना उतरतो की नाही हे तेथेच तपासले जाई, आणि समोर बसलेल्या व्यक्तीला आपला चेहरा व माहिती त्या दुसऱ्या पडद्यावर लगेच पाहता येई. इंटरनेट नसले तरी नोंदी लॅपटॉपवर साठवून नंतर पाठवता येत, ही सोय दुर्गम पाड्यांसाठी निर्णायक ठरली. चित्र तत्काळ पाहून मान्य किंवा अमान्य करण्याचा जो अधिकार पूर्वी फक्त मोठ्या स्टुडिओतील ग्राहकाला होता, तो एका सरकारी रांगेत उभ्या असलेल्या कातकरी किंवा ठाकर कुटुंबालाही काही क्षणांपुरता मिळाला. हे काम खाजगी नोंदणी संस्थांकडून काढून २०१७ पासून प्रामुख्याने सरकारी कार्यालये, बँका व टपाल कचेऱ्यांच्या आवारात नेण्यात आले. तोपर्यंत कॅमेरा, लॅपटॉप आणि तार यांची सांगड या पट्ट्यात परिचयाची झाली होती.

बाजार, कर आणि जुनी यंत्रे

या सांगडीतील लॅपटॉप सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यात येण्यामागे धोरणांचाही वाटा होता. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरील आयात शुल्क शून्यावर आले. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला तेव्हा लॅपटॉपवर १८ टक्के आणि डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के अशी तफावत होती; २२ डिसेंबर २०१८ च्या परिषदेच्या बैठकीनंतर कॅमेऱ्याचा दरही १८ टक्क्यांवर आणण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालण्याची घोषणा झाली, पण ती अंमलात येण्यापूर्वी पुढे ढकलून तिच्या जागी नोंदणीची पद्धत आणली गेली.

आसनगावच्या व्यावसायिकाला खरेदीसाठी मुंबईच उपयोगी पडत आली. कॅमेरे, दिवे आणि त्यांची दुरुस्ती यांसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील बोरा बाजार, आणि संगणक व सुटे भाग यांसाठी ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे दोन्ही बाजार लोकलच्या टप्प्यात आहेत. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरून काढून टाकतात ते व्यावसायिक वर्गातील लॅपटॉप, जसे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक, दुरुस्त होऊन पुन्हा विकले जातात आणि त्यांना बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात. मजबूत सांगाडा, बदलता येणारी बॅटरी व मेमरी आणि सहज मिळणारे सुटे भाग यांमुळे साधारण वीस-तीस हजार रुपयांच्या बेतात ते नव्या, पण हलक्या बांधणीच्या घरगुती लॅपटॉपपेक्षा टिकाऊ ठरतात.

विजेच्या इतिहासानेही लॅपटॉपचे पारडे जड केले. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले, आणि ज्या स्टुडिओने रंगीत छपाईसाठी टेबलावरचा संगणक घेतला होता त्याचे काम दिवसातले कित्येक तास ठप्प होई. इन्व्हर्टरचा वेगळा खर्च न करता बॅटरीवर चालणारे यंत्र ही त्या परिस्थितीत चैन नव्हती. आजही मांडवातील हळदीच्या कार्यक्रमात, जेथे ध्वनिवर्धक, रोषणाई आणि पंखे एकाच जनरेटरवर असतात, तेथे विजेचा दाब स्थिर राहील याचा भरवसा नसतो.

निवडीचे निकष

या पार्श्वभूमीवर बेताच्या खर्चातील लॅपटॉपची निवड तपासली, तर जाहिरातींत ठळक छापली जाणारी प्रोसेसरची पिढी आणि वेग यांना टेदरिंगमध्ये दुय्यम स्थान द्यावे लागते. २ कोटी ४० लाख चित्रबिंदूंच्या कॅमेऱ्याची ‘रॉ’ फाइल, म्हणजे संवेदकाने टिपलेली अप्रक्रियित माहिती, साधारण २५ ते ३० मेगाबाइटची असते. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी५६०० यांसारख्या, छोट्या स्टुडिओंना परवडणाऱ्या कॅमेऱ्यांवर यूएसबीची दुसरीच आवृत्ती असते, जिचा प्रत्यक्षातील वेग सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच्या आसपास राहतो. म्हणून एक फोटो पडद्यावर यायला सुमारे एक सेकंद लागतो आणि लॅपटॉपला कितीही वेगवान जोडणी असली तरी तो वेळ कमी होत नाही. अशा कॅमेऱ्याच्या मालकाने महागड्या जोडणीसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ ठरते. तारेची लांबीही प्रमाणाने बांधलेली आहे : दुसऱ्या आवृत्तीसाठी ५ मीटर आणि तिसऱ्यासाठी व्यवहारात सुमारे ३ मीटर, त्यापलीकडे जायचे तर मध्ये संकेत बळकट करणारी तार घ्यावी लागते, अन्यथा जोडणी मधूनच तुटते.

पडद्याचा निकष याहून महत्त्वाचा आहे. स्वस्त लॅपटॉपवर बराच काळ टीएन प्रकारचे पडदे असत, ज्यांत मान जरा वरखाली केली की उजेड व रंग बदलतात. आयपीएस प्रकारच्या पडद्यात हा दोष बराच कमी असतो. त्यातही पडदा एसआरजीबी या १९९६ मध्ये मांडल्या गेलेल्या रंगप्रमाणाचा किती भाग दाखवतो हे पाहावे लागते, कारण अनेक स्वस्त आयपीएस पडदे त्याचा दोन-तृतीयांशाच्या आसपासच भाग दाखवतात आणि हळदीचा पिवळा किंवा शालूचा लाल त्यांवर फिका दिसतो. ज्या पडद्यावर रंगाचा निर्णयच चुकतो, त्यावर चित्र तत्काळ दिसण्याचा लाभ अर्धाच उरतो. बजेटात चांगला पडदा बसत नसेल, तर साधा लॅपटॉप आणि त्याला जोडलेला वेगळा, रंग खरे दाखवणारा मॉनिटर ही स्टुडिओपुरती स्वस्त पडणारी जोडी आहे. फिरत्या कामासाठी ती गैरसोयीची.

साठवणीच्या बाबतीत फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे हलते भाग नसलेली डिस्क, आवश्यक मानली पाहिजे, कारण सतत येणारे फोटो लिहीत असतानाच ती ते वाचूनही दाखवते आणि लॅपटॉप हलवला तरी बिघडत नाही. ८ गिगाबाइट मेमरीत काम भागते आणि १६ मध्ये ते सुखाने होते. काही कॅमेऱ्यांत रॉ फाइल कार्डावर ठेवून लहान जेपीईजी प्रतच संगणकाकडे पाठवता येते. या सोयीमुळे जुना लॅपटॉपही पुरेसा ठरतो आणि कार्डावर मूळ प्रत सुरक्षित राहते.

आज्ञावलीचा खर्च टाळता येतो. कॅननची ईओएस युटिलिटी, सोनीची इमेजिंग एज आणि निकॉनने २०२१ मध्ये आणलेली एनएक्स टेदर या तिन्ही विनामूल्य आहेत, तर डार्कटेबल आणि डिजिकॅम या मुक्त आज्ञावल्या अनेक कंपन्यांचे कॅमेरे ओळखतात. जुन्या यंत्रांच्या बाबतीत येथे एक नवा अडसर उभा राहिला आहे : विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. म्हणून बाजारात स्वस्तात दिसणारे त्याआधीचे लॅपटॉप घ्यायचे, तर लिनक्स आणि डार्कटेबल यांवर काम करण्याची तयारी हवी. ती नसेल तर आठवी पिढी ही खरेदीची किमान मर्यादा समजावी. प्रोसेसरचा मुद्दा निर्णायक ठरतो तो एवढ्यापुरताच.

व्यवसायाच्या इतिहासातील स्थान

हे सर्व निकष एकत्र ठेवले, तर त्यांचा क्रम या व्यवसायाच्या इतिहासातूनच आलेला दिसतो. ओल्या काचेच्या काळात पुरे करण्याची जागा छायाचित्रकारासोबत फिरत होती, पण ती बाळगणे फार थोड्यांना परवडे. कृष्णधवल डार्करूमने ती तालुक्याच्या गावी आणली आणि तिच्या जोरावर छोटा स्टुडिओ स्वतंत्र राहिला. रंगीत फिल्मने ती कल्याण-मुंबईकडे नेली. डिजिटल कॅमेऱ्याने फिल्म संपवली, तरी करिझ्मा, म्हणजे संगणकावर पाने रचून छापलेल्या, अल्बमांची रचना आणि छपाई बऱ्याच अंशी शहराकडेच राहिली. शाळेच्या ओळखपत्रांचे दोनशे फोटो एका दिवसात घेऊन तेथेच तपासून देणे, घरगुती उत्पादने विकणाऱ्या बचत गटासाठी वस्तूंची चित्रे ग्राहकासमोर ठरवणे, समारंभात पाहुण्याला हातोहात प्रिंट देणे ही कामे लॅपटॉपमुळे पुन्हा स्थानिक हाती येऊ शकतात, कारण ग्राहक समोर असताना चित्र मान्य होते आणि दुरुस्तीची फेरी वाचते.

टेदरिंग प्रत्येक कामाला उपयोगी नाही हेही तितकेच खरे आहे. वरातीत, देवळाच्या गाभाऱ्यात किंवा माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी घेतल्या जाणाऱ्या लग्नपूर्व चित्रणात तार अडथळा ठरते आणि तेथे कार्डच बरे. ज्या स्टुडिओचे उत्पन्न मुख्यतः अशा फिरत्या कामावर आहे, त्याने केवळ टेदरिंगसाठी कर्ज काढून लॅपटॉप घेण्यात अर्थ नाही. स्थिर जागी, ठरावीक उजेडात आणि ग्राहकाच्या नजरेसमोर होणारे काम ज्याच्याकडे पुरेसे आहे, त्याने मात्र पैसा प्रथम पडद्यावर, मग डिस्कवर व बॅटरीवर, आणि उरला तर वेगावर खर्च करावा. रंगीत लॅबच्या दोन दशकांत या पट्ट्यातील छायाचित्रकाराने गमावली होती ती चित्राचा रंग आणि दर्जा स्वतः पाहून ठरवण्याची संधी. म्हणून जे यंत्र तो निर्णय अधिक अचूक करते त्यावरील खर्च वसूल होण्याची शक्यता अधिक, आणि जे केवळ तोच निर्णय अर्ध्या सेकंदाने लवकर समोर आणते त्यावरील खर्च छोट्या स्टुडिओला क्वचितच परत मिळतो.